बोलका नदी-नकाशा: विद्युतवाहक रंग आणि टच सेन्सर वापरून वर्गात घ्यायची कार्यशाळा

विद्युतवाहक रंगाने कागदावर रेघ ओढावी, ती एका छोट्या बोर्डाला जोडावी आणि रेघेला बोट लावताच आवाज यावा, हा प्रयोग पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलांचे डोळे विस्फारतात. मात्र सगळी जोडणी आधीच करून ठेवलेला संच मुलांपुढे मांडला, तर ती थोडा वेळ बोट लावून खेळतात आणि त्यामागचे विज्ञान तिथेच राहते. त्यामुळे रंग तयार करणे, रेघेचा विद्युतरोध मोजणे, जोडणी करणे आणि बिघाड शोधणे ही चारही कामे मुलांच्याच हातून व्हावीत, अशा बेताने ही कार्यशाळा आखली आहे. ती आठवी-नववीच्या मुलांसाठी असून नववीच्या विज्ञानातील धाराविद्युतचा पाठ झाल्यावर घेतल्यास अधिक उपयोगी पडते.

प्रकल्प म्हणून महाराष्ट्राचा नदी-नकाशा निवडला आहे. गोदावरी, कृष्णा, भीमा, तापी, वर्धा आणि वैनगंगा या सहा नद्यांपैकी जिला बोट लावाल तिची माहिती मुलांच्याच आवाजात ऐकू येईल. नदीची निवड केवळ शोभेसाठी केलेली नाही. नदी लांब असते, वळणे घेते आणि दुसऱ्या नदीला मिळते, त्यामुळे विद्युतपरिपथातील जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचा प्रश्न ती रंगवताना आपोआप समोर येतो. वर्गाचे सहा गट करून प्रत्येक गटाकडे एक नदी द्यावी. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गालाही एकच नकाशा, एकच बोर्ड आणि एकच स्पीकर पुरतो आणि तरीही प्रत्येकाच्या हाताला काम मिळते.

रंग विकतचा की घरचा

विकतच्या रंगांमध्ये लंडनच्या बेअर कंडक्टिव्ह या कंपनीचा इलेक्ट्रिक पेंट सर्वांत परिचित आहे. तो कार्बनयुक्त, पाण्यात मिसळणारा आणि बिनविषारी असून हाताला लागला तर साबणाने निघतो. 50 मायक्रॉन जाडीच्या थराचा रोध चौरसामागे 55 ओहम असतो, असे कंपनी सांगते. हा आकडा फळ्यावर लिहून ठेवावा, कारण पुढची सगळी आकडेमोड त्यावर उभी आहे.

हा रंग मिळाला नाही किंवा परवडला नाही तर कार्यशाळा अडत नाही. ग्राफाइटची बारीक पूड दोन भाग आणि फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद एक भाग, असे आकारमानाने घेऊन, थेंबथेंब पाणी घालत इडलीच्या पिठाइतका दाटपणा येईपर्यंत घोटावे. वाळल्यावर थर भुकटीसारखा सुटू लागला तर गोंद कमी पडला आहे असे समजावे, आणि रोध फारच जास्त आला तर ग्राफाइट वाढवावे. घरचा रंग विकतच्या रंगापेक्षा बराच कमी वाहक निघतो. स्पर्श ओळखण्याच्या कामात ते का चालते, हे पुढे येईलच. माझे मत विचाराल तर, वेळ असेल तेव्हा घरचाच रंग करावा, कारण प्रमाण बदलले की रोध कसा बदलतो हे त्यातच दिसते. पूड घोटताना मुलांनी नाकातोंडावर मास्क लावावा आणि हे काम लॅपटॉपपासून दूर करावे. ग्राफाइटची धूळ वाहक असते आणि ती यंत्राच्या सांध्यांत शिरू देणे योग्य नाही.

आधी मोजमाप

नकाशाला हात लावण्यापूर्वी किमान एक तासिका मोजमापाला द्यावी. हीच तासिका वेळ वाचवण्यासाठी गाळली जाते आणि मग नकाशा का बोलत नाही, याचा शोध घेण्यात दुप्पट वेळ जातो.

प्रत्येक गटाने कार्डशीटच्या तुकड्यावर पेन्सिलीने तीन पट्ट्या आखाव्यात: पहिली 10 सेंटिमीटर लांब व 1 सेंटिमीटर रुंद, दुसरी तेवढीच लांब पण अर्धा सेंटिमीटर रुंद, आणि तिसरी 20 सेंटिमीटर लांब व 1 सेंटिमीटर रुंद. तिन्ही पट्ट्या एकाच ब्रशने आणि शक्य तितक्या सारख्या जाडीत रंगवून पूर्ण वाळू द्याव्यात. पातळ थर पंख्याखाली पंधरा-वीस मिनिटांत हाताला कोरडा लागतो, पण पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, तासभरही लागू शकतो. ओल्या रंगाचा रोध सतत बदलत राहतो, म्हणून मल्टिमीटरचा आकडा स्थिर होत नसेल तर तो उतरवून घेऊ नये.

आता मुलांना पट्टी चौरसांत मोजायला शिकवावे. पहिल्या पट्टीत एक सेंटिमीटर बाजूचे 10 चौरस बसतात. दुसरीत अर्धा सेंटिमीटर बाजूचे 20 चौरस बसतात आणि तिसरीतही 20 चौरसच बसतात. चौरस मोठा असो की लहान, थराची जाडी सारखी असेल तर त्याच्या समोरासमोरच्या कडांमधील रोध तितकाच राहतो, कारण लांबी जेवढ्या पटीने वाढते तेवढ्याच पटीने रुंदीही वाढते. म्हणून 55 ओहमच्या रंगाने पहिल्या पट्टीचा रोध 550 ओहमच्या आसपास आणि उरलेल्या दोन्ही पट्ट्यांचा 1100 ओहमच्या आसपास यायला हवा. तिसऱ्या पट्टीला दुसरीच्या चौपट रंग लागला आहे, तरी मल्टिमीटर दोन्हींना जवळपास सारखाच आकडा दाखवतो, आणि तो पाहताना रोध लांबीच्या समप्रमाणात व छेदाच्या व्यस्त प्रमाणात असतो हे पुस्तकातले वाक्य मुलांना प्रत्यक्ष पटते. ब्रशच्या हातामुळे आकड्यांत फरक पडणारच. तो फरक लपवू नये, सगळ्या गटांचे आकडे फळ्यावर मांडावेत आणि कोणाचा थर जाड झाला असेल हे मुलांनाच ओळखू द्यावे. एखाद्या पट्टीवर दुसरा थर देऊन वाळल्यावर पुन्हा मोजल्यास रोध साधारण निम्म्यावर येतो.

यानंतर 9 व्होल्टची बॅटरी, 470 ओहमचा रोधक आणि लाल एलईडी एकसरीत जोडून परिपथाचा एक भाग म्हणून रंगाची पट्टी घ्यावी. मगर क्लिप (तारेच्या टोकाचा दातेरी चिमटा) पट्टीवर पुढे-मागे सरकवली की एलईडीचा उजेड कमी-जास्त होतो. रोधक वगळू नये, कारण क्लिपा एकमेकींजवळ आल्या की एलईडी जळण्याइतका प्रवाह वाहू शकतो. याच ठिकाणी मुले हमखास विचारतात की एवढ्या रोधाची नदी काम कशी करणार. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर द्यायला हवे.

एलईडी पेटवायला काही मिलिअँपिअर प्रवाह सतत वाहावा लागतो. टच सेन्सरचे काम वेगळे आहे. आपले शरीर वाहक आहे आणि बोट रेघेजवळ आले की रेघ व बोट मिळून एक लहानसे धारित्र, म्हणजे प्रभार साठवणारी जोडी, तयार होते, त्यामुळे रेघेची प्रभार साठवण्याची क्षमता, म्हणजे धारिता, काही पिकोफॅरडने वाढते (पिकोफॅरड हे धारितेचे अगदी लहान एकक). सेन्सर ही रेघ पुन्हा पुन्हा प्रभारित व रिकामी करत राहतो आणि ठरलेल्या वेळेत अशी किती आवर्तने झाली हे मोजतो. धारिता वाढली की आवर्तने मंदावतात आणि आकडा खाली येतो. यासाठी लागणारा प्रभार इतका थोडा असतो की काही हजार ओहमच्या रोधाने फारसे बिघडत नाही. 40 सेंटिमीटर लांब आणि 8 मिलिमीटर रुंद गोदावरीत 50 चौरस बसतात, म्हणजे तिचा रोध सुमारे 2750 ओहम येतो. 50 पिकोफॅरड धारिता धरली, तर दोन्हींचा गुणाकार, म्हणजे रेघ प्रभारित व्हायला लागणाऱ्या काळाचा अंदाज, एका मायक्रोसेकंदाच्या सातव्या हिश्श्याइतका येतो. घरच्या रंगाने रोध दसपट झाला तरी हा काळ दीड मायक्रोसेकंदापेक्षा कमीच राहतो.

नकाशा रंगवणे

22 बाय 28 इंचाचे पांढरे कार्डशीट घ्यावे. नद्या पुढच्या बाजूला काळ्या रंगात काढण्याऐवजी वाहक रंग मागच्या बाजूला द्यावा, असा माझा आग्रह आहे. टच सेन्सरला बोटाचा प्रत्यक्ष स्पर्श लागत नाही, कार्डशीटच्या जाडीतूनही तो ओळखता येतो. त्यामुळे पुढची बाजू निळ्या नद्या, जिल्ह्यांच्या सीमा आणि चित्रे यांसाठी मोकळी राहते, आणि शेकडो बोटांच्या घासण्यापासून रंगही वाचतो. पुढच्या बाजूला नकाशा काढून झाला की शीट खिडकीच्या काचेवर उलटे धरावे आणि उजेडात दिसणाऱ्या नद्या मागून पेन्सिलीने गिरवाव्यात. मागून पाहताना तापी उजवीकडे आणि वैनगंगा डावीकडे दिसते. इथे मुलांचा गोंधळ होतो, म्हणून रंग उघडण्यापूर्वीच प्रत्येक नदीचे नाव मागच्या बाजूला लिहून घ्यावे.

नदीची रुंदी 8 मिलिमीटरच्या आसपास ठेवावी. फार अरुंद रेघेत ब्रश कुठेतरी कोरडा पडून तुटक जागा राहते आणि बोटाखाली येणारे क्षेत्रफळही कमी पडते. उलट फार रुंद नदीची मूळची धारिता इतकी वाढते की बोटामुळे होणारा बदल तिच्यापुढे लहान ठरतो.

आता संगम. पुढच्या बाजूला कऱ्हाडला कोयना कृष्णेला मिळालेली दिसलीच पाहिजे, तशीच चांगदेवला पूर्णा तापीला आणि प्रवरासंगमला प्रवरा गोदावरीला. या उपनद्या मागे रंगवल्या आणि मुख्य नदीला जोडल्या, तर त्या मुख्य नदीचाच भाग होतात. म्हणजे कोयनेला बोट लावले तरी कृष्णाच बोलते, आणि ते चालण्यासारखे आहे. वर्धा आणि वैनगंगा यांचे मात्र तसे नाही. त्या दोघी मिळून प्राणहिता होते, पण आपल्याला दोघींचे आवाज वेगळे हवे आहेत. त्यांचे रंग संगमावर एकमेकांना टेकले तर बोर्डाच्या दृष्टीने ती एकच नदी होते आणि कोणालाही स्पर्श केला तरी दोन्ही पिनांचे (नद्या जोडलेल्या बोर्डावरील जोडबिंदूंचे) आकडे एकदम खाली येतात. म्हणून मागच्या बाजूला या संगमावर किमान 5 मिलिमीटरची मोकळी जागा सोडावी. पुढच्या बाजूला निळ्या रंगात त्या खुशाल भेटू द्याव्यात. वाळल्यावर दोन्ही नद्यांवर मल्टिमीटरच्या सळ्या टेकवून त्यांच्यात वहन होत नाही ना, हे त्याच गटांनी तपासावे.

प्रत्येक नदीपासून शीटच्या कडेपर्यंत एक जोडरेघ न्यावी लागते. तीही स्पर्शाला प्रतिसाद देते, म्हणून ती शक्य तितकी आखूड आणि दुसऱ्या नद्यांपासून निदान एक सेंटिमीटर दूर असावी. तापीची रेघ पश्चिमेच्या कडेला, वर्धा आणि वैनगंगा यांच्या रेघा उत्तरेला, कृष्णा व भीमा यांच्या दक्षिणेला आणि गोदावरीची नांदेडच्या पुढून आग्नेयेकडे काढली, तर कोणतीही रेघ दुसरीला ओलांडत नाही. कडेपाशी आधी तांब्याची चिकटपट्टी लावावी आणि मग रंग त्या पट्टीवर एक सेंटिमीटर चढवावा. उलट क्रमाने केले तर चालेलच असे नाही, कारण बऱ्याच तांब्याच्या पट्ट्यांचा गोंद विद्युतवाहक नसतो. मगर क्लिप नेहमी तांब्यावरच लावावी. रंगावर लावली की तिचे दात थर खरवडून काढतात.

बोर्ड, जोडणी आणि आवाज

अनेक शाळांच्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये आर्डुइनो उनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड असतो. त्याला एमपीआर121 हे बारा स्पर्शबिंदू हाताळणारे मॉड्यूल जोडून हे काम करता येते, मॉड्यूलला 3.3 व्होल्टच द्यावेत. नवीन खरेदी करायची असेल तर मी ईएसपी32 बोर्ड सुचवेन, कारण स्पर्श ओळखण्याची सोय त्याच्या चिपमध्येच आहे. सहा नद्यांसाठी 4, 13, 14, 27, 32 आणि 33 क्रमांकाच्या पिना घ्याव्यात. 0, 2, 12 आणि 15 या पिनाही स्पर्श ओळखतात, पण बोर्ड सुरू होताना त्यांची स्थिती तपासली जाते आणि त्यांना काही जोडलेले असले तर बोर्ड सुरू होण्यात अडथळा येऊ शकतो.

आवाजासाठी डीएफप्लेअर मिनी हे लहान मॉड्यूल पुरेसे आहे. मायक्रोएसडी कार्ड फॅट32 पद्धतीने फॉरमॅट करून त्यात ‘mp3’ नावाचे फोल्डर करावे आणि फाइलींना 0001 पासून 0006 पर्यंत चार आकडी नावे द्यावीत. ईएसपी32 बोर्डाची 17 क्रमांकाची पिन 1 किलोओहमच्या रोधकातून मॉड्यूलच्या आरएक्स पिनेला जोडावी आणि टीएक्स पिन बोर्डाच्या 16 क्रमांकाला. हा रोधक गाळला तर स्पीकरमध्ये अनेकदा खरखर येते. मॉड्यूलला 5 व्होल्ट पुरवठा द्यावा आणि दोन्हींचे ग्राउंड (पुरवठ्याचे ऋण टोक) एकत्र जोडावे.

ध्वनिमुद्रण मुलांनी करावे, आणि प्रत्येक नदीसाठी पंधरा-वीस सेकंद पुरेत. गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावून 1465 किलोमीटर वाहते. तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावून 724 किलोमीटरचा प्रवास करत पश्चिमेला अरबी समुद्राला मिळते. भीमेला पंढरपुरात चंद्रभागा म्हणतात. अशी माहिती मुलांनी स्वतः शोधावी, लिहावी आणि आपल्या घरच्या बोलीत सांगावी. वऱ्हाडी बोलणारी वर्धा आणि प्रमाण मराठी बोलणारी कृष्णा एकाच नकाशावर असायला काहीच हरकत नाही. शांत खोलीत फोनवर केलेले मुद्रणही चालते, फक्त सगळ्या फाइलींचा आवाज सारख्या पातळीवर आणून घ्यावा.

प्रोग्रॅमचा पहिला टप्पा केवळ आकडे पाहण्याचा असावा. सहाही पिनांचे आकडे संगणकाच्या पडद्यावर सरकत असताना मुलांनी नदीला बोट लावून काय होते ते टिपावे. मूळ ईएसपी32 बोर्डावर स्पर्श झाला की आकडा उतरतो, पण त्याच घराण्यातल्या एस2 आणि एस3 या चिपांवर तो चढतो, म्हणून आपल्या हातातला बोर्ड कोणता आहे हे आधी पाहावे. प्रत्येक नदीचा मूळ आकडा वेगळा येतो, कारण लांबी आणि क्षेत्रफळ वेगळे आहे. त्यामुळे सगळ्यांना एकच उंबरठा लावू नये. बोर्ड सुरू होताच, कोणी हात लावलेला नसताना, प्रत्येक नदीची पन्नास वाचने घेऊन सरासरी काढावी आणि आकडा त्या सरासरीच्या 75 टक्क्यांखाली गेला तर स्पर्श झाला असे धरावे. हे प्रमाण सुरुवातीसाठी आहे, आपल्या नोंदी पाहून ते बदलावे. एखादे चुकार वाचन फसवू नये म्हणून लागोपाठ दोन वाचने खाली आली तरच स्पर्श मानावा. फाइल मात्र स्पर्श सुरू होण्याच्या क्षणीच वाजवावी, नाहीतर बोट टेकलेले असेपर्यंत पहिलाच शब्द पुन्हा पुन्हा ऐकू येत राहतो.

नकाशा बोलत नाही तेव्हा

एखादी नदी गप्प असेल तर प्रोग्रॅम उघडण्यापूर्वी मल्टिमीटर हातात घ्यावा आणि उगमापासून तांब्याच्या पट्टीपर्यंत रोध मोजावा. आकडाच येत नसेल तर रेघ कुठेतरी तुटली आहे. एक सळी पट्टीवर ठेवून दुसरी हळूहळू वर सरकवत नेली की तुटलेली जागा सापडते, आणि तिथे रंगाचा एक ठिपका पुरतो.

सगळ्याच नद्या कोणी हात न लावता बोलू लागल्या तर शीट कशावर ठेवले आहे ते पाहावे. मोजमाप टेबलावर झाले आणि नंतर नकाशा स्टीलच्या कपाटावर किंवा चुंबकीय फळ्यावर टांगला, तर मागच्या धातूमुळे प्रत्येक नदीची धारिता वाढते आणि जुनी सरासरी निरुपयोगी ठरते. नकाशाच्या मागे थर्माकोलचा किंवा फोमचा जाड तुकडा द्यावा आणि नकाशा अंतिम जागी लावल्यावरच बोर्ड पुन्हा सुरू करावा. दमट दिवशीही आकडे सरकतात. प्रदर्शनात दिवसभर नकाशा चालवायचा असेल तर कोणी स्पर्श करत नसताना सरासरी सावकाश सुधारत राहील, अशी तरतूद प्रोग्रॅममध्ये करावी.

लॅपटॉप चार्जरला जोडलेला असताना नकाशा उत्तम चालतो आणि पॉवर बँकेवर घेतला की मंदावतो, हा अनुभव जवळजवळ प्रत्येक वर्गात येतो. चार्जरमार्फत परिपथाचा जमिनीशी काही ना काही संबंध येतो, तर पॉवर बँकेवर परिपथ अधांतरी राहतो आणि बोटाने होणारा बदल लहान दिसतो. नकाशाच्या खालच्या कडेला ॲल्युमिनिअम फॉइलची पट्टी लावून ती बोर्डाच्या ग्राउंडला जोडावी आणि पाहणाऱ्याने एक हात तिच्यावर ठेवून दुसऱ्या हाताने नदीला स्पर्श करावा; फरक लगेच कळतो. भिंतीतल्या सॉकेटच्या अर्थिंगला मुलांनी थेट तार जोडण्याचा विचारही करू नये आणि शिक्षकांनीही तो सुचवू नये.

कार्यशाळा संपल्यावर नकाशाची गुंडाळी करू नये. वाळलेला रंग ठिसूळ असतो आणि वाकवला की त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात. शीट सपाट ठेवावे आणि मागच्या बाजूला ट्रेसिंग पेपर चारही कडांना चिकटवून रंग झाकावा. त्यावर पाण्यातले वॉर्निश लावू नये, कारण त्याने वाहक रंग पुन्हा विरघळून पसरतो. प्रत्येक नदीचा रोध आणि मूळ आकडा तारखेसह शीटच्या कोपऱ्यात लिहून ठेवला, तर पुढच्या वर्षीच्या मुलांना तोच नकाशा पुन्हा मोजून कोणती नदी किती बदलली हे ताडून पाहता येते.